रवंथाचं शास्त्र आणि आमचं ताट

वजा अठरा. रात्री दीड वाजता टॉर्च मारून हा आकडा मी वहीत लिहितो. चार वाजता परत लिहितो. यार्डात रीफर कंटेनरची रांग उभी असते, प्रत्येकाची वायर प्लगात, प्रत्येकाचा पंखा घोंघावतोय, आणि कागदावर छापलेलं असतं : फ्रोझन बोनलेस बफेलो मीट. म्हशीचं मांस. हाड नाही, रक्त नाही, वास नाही. न्हावा-शेव्याला जहाज लागलं की माल चालला व्हिएतनामला, मलेशियाला, इजिप्तला, इराकला.

सहाला शिफ्ट सुटते, मी मोऱ्याला घरी येतो. माझ्या डब्यात काय होतं ते विचारू नका. डब्यात काय नसावं ते आमच्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय : ‘‘मोठ्याचं आणायचं नाही हां इथे. लोकांच्या भावना असतात.’’ आणि डब्यापासून पन्नास पावलांवर अख्खे कंटेनर भरून मोठ्याचंच पडलंय. तिथे भावनांना बहुतेक थंडी वाजत असावी.

म्हणजे दोस्तहो, भानगड मांसाची नाहीच. २०२२-२३ साली या देशाने सुमारे ११ लाख ७५ हजार टन म्हशीचं मांस बाहेर विकलं. २५ हजार कोटींच्या वर पैसा आला. तो पैसा गंगाजलाने धुऊन घेतल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. धंद्याला भावना नसतात, ताटाला असतात. ताट कोणाचं आहे ते बघून असतात.

आता मी हे सगळं का काढलं ते सांगतो. माझा एक जिगरी दोस्त पशुवैद्यकीय कॉलेजात आहे. आमच्याच वस्तीतला, आमच्याच बुद्धविहारात पाठांतर केलेला. विषय घेतलाय पशुपोषण, म्हणजे जनावराला काय खायला घालायचं त्याचं शास्त्र. सुट्टीत आला तेव्हा त्याला मुंबईला जायचं होतं, पण ओहोटी लागलेली. ओहोटीला मोऱ्याची लाँच गाळामुळे बंद असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण हा शहरात राहून विसरला. बसलो मग धक्क्यावर भरतीची वाट बघत. मी विचारलं, ‘‘काय रे, तुझ्या थिसिसचं काय?’’

तो म्हणाला, ‘‘विषय बदलायला लावला.’’

याला काम करायचं होतं म्हाताऱ्या बैलावर. शेतीतून निघालेला, दात झिजलेला बैल. त्याला नुसता कडबा, उसाचं वाढं आणि थोडं युरिया-गूळ देऊन तीन-चार महिन्यांत किती वजन चढतं, चारा किती लागतो, मिथेन किती सुटतो, आणि त्याचं मांस झालं तर एका किलोमागे हा सगळा खर्च किती पडतो. साधा हिशेब. गाईड म्हणाले, ‘‘वेडा झालास का? ‘मांस’ शब्द काढ. बैल काढ. शेळी घे, कोंबडी घे. नाहीतर मिथेनवर कर, शाश्वत पशुपालन असं नाव दे, फंड मिळेल.’’

शाश्वत! काय झकास शब्द शोधलाय. इंग्रजीतल्या सस्टेनेबलचा मराठी अवतार. अरे पण शाश्वत म्हणजे सनातनच की! ज्याला आमच्या तथागताने अडीच हजार वर्षांपूर्वी नकार दिला तेच. हे सरकारी चाऱ्याच्या शास्त्रात मागच्या दाराने कसं शिरलं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. थोडं शास्त्र वाचावं लागेल. कंटाळू नका. बाबासाहेबांनी कंटाळा केला असता तर आपण अजून गळ्यात मडकं बांधून हिंडलो असतो.

दोस्ताने मला धक्क्यावर सांगितलं ते असं. गाय जे खाते ते ती आपल्या पोटातल्या जंतूंना घालते. तिचं पहिलं पोट, कोटीपोट, म्हणजे एक मोठं पिंप. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव. कडबा, पेंढा, भुसा, जे तुमच्या-माझ्या पोटात गेलं तर जसंच्या तसं बाहेर पडेल, ते हे जंतू आंबवतात. त्यातून जनावराला ऊर्जा मिळते. आणि जंतू स्वतः पुढच्या पोटात जाऊन मेले की त्यांची प्रथिनं मिळतात. ही किमया दुसऱ्या कुठल्या यंत्राला जमलेली नाही. पण आंबवताना हायड्रोजन सुटतो, त्याचा मिथेन होतो, आणि तो जनावर ढेकरेतून बाहेर टाकतं. मागून नव्हे, तोंडातून. चाऱ्यातल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग असा वाया जातो. आणि हा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट पृथ्वी तापवतो. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आज गायीच्या तोंडाला नळ्या लावून बसलेत.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने मांसाच्या बैलांना चिमूटभर समुद्री शेवाळ चारून मिथेन ८० टक्क्यांच्या वर घटवल्याचं २०२१ साली छापलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने त्याच साली ‘हरित धारा’ नावाची पूड पुढे आणली, टॅनिन असलेल्या झाडपाल्याची. तिने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो म्हणतात. काम चांगलं आहे. मी शास्त्राला शिव्या द्यायला बसलेलो नाही, उलट आपली पोरं या प्रयोगशाळांत घुसली पाहिजेत असं माझं म्हणणं आहे. पण फरक बघा. तिकडचा शास्त्रज्ञ उघड सांगतो : हा मांसाचा बैल, इतका खातो, इतका ढेकर देतो, इतकं मांस देतो. भागाकार करतो. इकडचा शास्त्रज्ञ खातो किती सांगतो, ढेकर किती सांगतो, आणि दुधापाशी येऊन थांबतो. ज्याला दूध नाही त्याच्यापाशी भागाकार करायला खाली आकडाच नाही. ज्या शास्त्राला छेद लिहायची बंदी आहे ते शास्त्र कसलं? ती आरती.

बरं, तिकडचं सगळं बरोबर असंही नाही. अमेरिकेत बैल गोठ्यात कोंबून मका चारतात. किलोभर वजन चढायला सहा-सात किलो सुकं खाद्य जातं. माणसाच्या तोंडचं धान्य. ते बघून तिथले पर्यावरणवाले ओरडतात की बीफ म्हणजे पृथ्वीचा खून. आणि आमच्याकडचे अहिंसावाले तो ओरडा उचलून आमच्या थाळीवर आणून आपटतात. अरे, आमच्या थाळीतल्या तुकड्याने मका कधी बघितला होता?

स्टुअर्ट ओडेनहाल नावाच्या अमेरिकन संशोधकाने बंगालात सिंगूरजवळच्या गावांतली जनावरं मोजली. १९७२ साली छापलं. काय खातात : भाताचा पेंढा, कोंडा, तूस, बांधावरचं गवत. माणसाच्या खाण्यातलं जवळजवळ काहीच नाही. काय देतात : काम, शेण, थोडं दूध. ऊर्जेचा ताळेबंद मांडला तर या हाडकुळ्या गुरांची कार्यक्षमता निघाली १७ टक्के, आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळावर चरणाऱ्या मांसाच्या गुरांची ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पेंढ्यावर जगणारं गरिबाचं जनावर हे मक्यावरच्या श्रीमंत बैलापेक्षा केव्हाही सरस. हे गोरक्षकांना फार आवडतं, ते टाळ्या पिटतात. पिटा. पण टाळी वाजवून झाली की पुढचा प्रश्न ऐका : ज्या दिवशी ते जनावर काम करत नाही, दूध देत नाही, त्या दिवसापासून त्याच्या कार्यक्षमतेचं काय?

हा प्रश्न मी काढलेला नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी काढला, १९६४ पासून, आणि १९६९-७० पर्यंत भांडत राहिले. तिकडून मार्विन हॅरिस म्हणत होता की हिंदूंची गाय अर्थशास्त्रीयदृष्ट्या शहाणी आहे. के. एन. राज आपली बाजू मांडत होते. दांडेकरांचा रोख सरळ होता : चारा मोजका, तोंडं जास्त, निरुपयोगी जनावर काढता येत नाही, मग सगळीच अर्धपोटी. आणि याच दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ लिहिलं, गरिबाला दिवसाला २२५० कॅलरी लागतात हे माप धरून. बघा गंमत. एकाच माणसाने गायीचं पोट मोजलं आणि गरिबाचंही पोट मोजलं. दोन्ही कागद एकाच टेबलावर. पण गरिबाच्या २२५० कॅलरींना जात नव्हती. त्या ज्वारीतून येतात की मोठ्याच्या रश्श्यातून, आणि त्या रश्श्यासाठी कोणाला मार पडतो, हे मोजायला त्या पट्टीवर खूणच नव्हती. पुरोगामी पुण्याचं हे असं असतं. पट्टी उत्तम, खुणा अर्ध्या.

हे आलं कुठून ते पण पाहून घेऊ. राज्यघटनेचा अनुच्छेद ४८ काढा. त्यात लिहिलंय, शेती आणि पशुपालन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने उभं करा. आणि त्याच वाक्याच्या पुढच्या पायरीवर : गायी, वासरं, दुभती आणि ओढकामाची जनावरं यांच्या कत्तलीला बंदी घाला. बाबासाहेबांच्या मसुद्यात हे कलम नव्हतं. २४ नोव्हेंबर १९४८ ला पंडित ठाकूरदास भार्गवांनी दुरुस्ती म्हणून आणलं. शास्त्र आणि सोवळं एकाच वाक्यात नांदायला लावली. तेव्हापासून बिचारं शास्त्र त्या संसारात सासुरवाशिणीसारखं भांडी घासतंय.

सुरुवातीला कोर्टाला तरी थोडी चाड होती. १९५८ च्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गायीची बंदी मान्य केली, पण बैल आणि रेडा कामाचा आहे तोवरच वाचवा म्हणाले. निकामी जनावर पोसणं म्हणजे कामाच्या जनावराच्या तोंडचा चारा काढणं, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. गोमांस आणि म्हशीचं मांस हे गरीब मुसलमान, ख्रिस्ती आणि अनुसूचित जातींच्या लोकांचं खाणं आहे याचीही नोंद घेतली. मग २००५ साली सात न्यायाधीशांचं पीठ बसलं, गुजरातच्या खटल्यात, आणि सहा विरुद्ध एक मताने ठरलं की बैल म्हातारा झाला म्हणून निकामी होतच नाही, कारण तो शेण देतो. शेणाची किंमत कोहिनूर हिऱ्यापेक्षा जास्त असल्याचं त्या निकालपत्रात आहे. मी थट्टा करत नाहीये, जाऊन वाचा. कोहिनूर गेला लंडनला आणि शेण राहिलं आमच्या बायांच्या डोक्यावरच्या पाटीत. सत्तेचाळीस वर्षांत बैलाचं कोटीपोट बदललं नव्हतं, कडब्यातली प्रथिनं वाढली नव्हती. बदललं होतं दिल्लीचं आणि गांधीनगरचं हवामान.

मग महाराष्ट्र मागे कसा राहील. १९७६ च्या कायद्याने गाय बंद होती, बैल दाखला घेऊन कापता यायचा. १९९५ साली केलेली दुरुस्ती वीस वर्षं दिल्लीत पडून होती. २०१५ च्या मार्चमध्ये तिच्यावर राष्ट्रपतींची सही झाली. बैल, वळू, सगळं बंद. पाच वर्षं कैद. बाहेरच्या राज्यातून आलेला तुकडा घरात ठेवणंही गुन्हा केला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ ला उडवलं, माणसाच्या घरात काय शिजतं ते बघायला सरकारने येऊ नये म्हणून. कोर्टाने पोलिसांना स्वयंपाकघराच्या बाहेर काढलं, पण शेजाऱ्याचं नाक कोण बाहेर काढणार?

आता शाश्वतवाल्यांनो, तुमच्याच गणिताने चला. हवामानाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या नसलेल्या गोवंशासाठी डोईमागे वर्षाला २७ किलो मिथेन धरलाय. एक बैल कामातून गेल्यावर कायद्याने दहा वर्षं पोसला. २७० किलो मिथेन. २८ ने गुणा. साडेसात टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धूर. बदल्यात काम शून्य, दूध शून्य, मांस शून्य, शेण आहे म्हणा. मग तुम्ही त्याला ‘हरित धारा’ चारणार आणि त्यातले १७ टक्के वाचवले म्हणून परिषदेत पेपर वाचणार. उरलेल्या ८३ टक्क्यांचं काय? त्याच्या पोटात गेलेल्या कडब्याचं काय, जो शेजारच्या गाभण गायीला मिळाला असता?

पण तो दहा वर्षं पोसला जातोच कुठे? ते कागदावर. शेतकरी काय मूर्ख आहे? २०१२ साली देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, २०१९ च्या पशुगणनेत राहिला ४ कोटी ७४ लाख. सात वर्षांत दोन कोटी कमी. ट्रॅक्टर आला हे खरं, कबूल. संकरित जर्सी-होल्स्टीनचा गोऱ्हा उन्हात नांगराला टिकत नाही हेही खरं. पण विकताही येत नाही म्हटल्यावर गोऱ्ह्याला आईच्या सडाला कोण लावतो? महाराष्ट्रातला एकूण गोवंशच त्या सात वर्षांत १० टक्क्यांनी घटला. गाय वाचवायच्या कायद्याखाली गुरं घटली. सुरी बंद झाली आणि उपासमार चालू झाली. म्हशीच्या रेडकाचीही तीच कथा. तबेल्यात त्याला दूध न पाजता मरू देतात, म्हणून अकराव्या पंचवार्षिक योजनेत रेडकं वाचवून मांसासाठी वाढवायची योजना केंद्र सरकारनेच काढली होती. म्हणजे सरकारला मांसाच्या जनावराचं पोषण कळतं. फक्त ते जनावर काळं पाहिजे. जनावरांतसुद्धा वर्ण! म्हैस शूद्र, गाय ब्राह्मण, आणि रेडा तर ज्ञानेश्वरापासून आजपर्यंत नुसता राबतोय.

३० सप्टेंबर २०२४. विधानसभेच्या तोंडावर देशी गाय ‘राज्यमाता-गोमाता’ झाली आणि गोशाळेतल्या प्रत्येक देशी गायीला चाऱ्यासाठी रोज ५० रुपये मंजूर झाले. बरोबर आहे, चारा महाग आहे. त्याच वेळी शाळेतल्या पहिली ते पाचवीच्या पोराला दुपारच्या जेवणातल्या डाळ-भाजी-तेलासाठी दिवसाचे ५ रुपये ४५ पैसे होते, धान्य वेगळं. आणि २०२५ च्या जानेवारीत त्या पोरांच्या अंड्याचा निधी राज्याने बंद केला. ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब पाहणीप्रमाणे पाच वर्षांखालची ६८.९ टक्के पोरं आणि ५४.२ टक्के बाया रक्ताने फिक्या आहेत, तिथे पशुपोषण जोरात आहे. आमची आई राज्यमाता नाही. तिचं हिमोग्लोबिन किती ते दवाखान्यातला कागद सांगतो, पण त्या कागदावर खालून कोणी सही करत नाही.

आता जरा आपल्याकडे बघू. हे लिहिताना मला ठाऊक आहे, आपल्यातलेच काही नाक मुरडतील. ‘‘बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते हा परत उकरतोय.’’ थांबा. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला, याच आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, काय सोडायला सांगितलं? मेलेलं ओढणं आणि मेलेल्याचं मांस खाणं. गावाने फेकलेलं, गावाने लादलेलं. माझी आजी सांगायची, तिच्या आईच्या दारात चान्या वाळत असायच्या आणि गावात बैल मेला की पाटलाचा माणूस बोलवायला यायचा, न्हेलं नाही तर मार. ते सोडलं ते माणूस होण्यासाठी सोडलं. पण १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तेच बाबासाहेब सांगतात की ब्राह्मण स्वतः गोमांस खायचे, बुद्धधम्माशी स्पर्धेत त्यांनी ते सोडलं आणि गाय पवित्र केली, आणि फुटून आलेली माणसं मेलेलं खात राहिली म्हणून अस्पृश्य ठरली. म्हणजे पाप खाण्यात नव्हतं. लादण्यात होतं. हा फरक विसरून आपल्यातले नोकरदार आज फ्लॅटच्या दारावर ‘आम्ही शाकाहारी’ अशी पाटी लावतात, पाहुणा आला की खिडक्या लावून घेतात. कोणाला खायचं नसेल त्याने खाऊ नये, माझी बायको खात नाही, माझं तिच्याशी भांडण नाही. पण ब्राह्मणासारखं दिसण्यासाठी सोडलं असेल तर ते धम्मदीक्षा नव्हे, मुंज आहे.

आणि मेलेलं ओढणं तरी सुटलं का? ११ जुलै २०१६ ला उन्याजवळ मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या चार दलित पोरांना गाडीला बांधून सळयांनी फोडलं. गाय जिवंत असताना ती त्यांची आई. मेल्यावर आमची जबाबदारी. उन्याच्या मोर्च्याने मग काय मागितलं? मांस नाही. जमीन मागितली. आणि तिथेच चाऱ्याच्या शास्त्राचं मूळ आहे.

कारण चारा आकाशातून पडत नाही, जमिनीतून येतो. गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन म्हणजे गायरान. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये इंग्रजांच्या जंगलखात्याने गायरानं गिळल्याचं लिहून ठेवलंय. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. आपली माणसं पडीक गायरानावर कुदळ घेऊन घुसली, मराठवाड्यात तर त्यासाठी रक्त सांडलं. आजही ती चार-चार एकर त्यांच्या नावावर नीट झालेली नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं हटवा म्हटलं आणि नोटिसा कोणाला आल्या? उद्योगपतीला? आमच्या पनवेल-उरण पट्ट्याचंच घ्या. सिडको आली, बंदर आलं, भातखाचरं गेली, मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, पाच मेले. भातखाचर गेलं की पेंढा गेला. पेंढा गेला की गोठा गेला. आता त्याच जमिनीवर मी रात्रपाळीला रीफरचे आकडे लिहितो. कोकणच्या मातीत आता चारा उगवत नाही, मांस मात्र कंटेनरने येतं आणि जातं. याला शाश्वत विकास म्हणायचं असेल तर मला ती डिक्शनरी दाखवा.

म्हणून शाश्वत पशुपालनाचा पेपर वाचायला कोणी उभा राहिला की त्याला आधी विचारा : गायरान कोणाकडे? कडबा कोणाच्या वावरातला? गोऱ्हा कुठे गेला? मेल्यावर कोण उचलणार? आणि खाणारा कोण? या पाच गोष्टी मिथेनच्या नळीत सापडत नाहीत.

परभणीला, उदगीरला, शिरवळला, नागपूरला, परळला पशुवैद्यकीय शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी हे लिहिलंय. राखीव जागेवर आत गेलात म्हणून खाली मान घालून कोंबडीच्या खाद्यावर चार पानं लिहून बाहेर पडू नका. तुमच्या आज्ज्यांना जनावराचं पोट आतून माहीत होतं. कुठलं पोट जाळीचं, कुठलं पदरांचं, कुठला भाग किती वेळ शिजतो, कुठलं जनावर रोगाने गेलं आणि कुठलं उपासाने, हे त्या कातडं काढताना बोटाने सांगायच्या. शव-विच्छेदनाची ती विद्या कुठल्या विद्यापीठात नोंदली? तुम्ही नोंदवा. म्हाताऱ्या बैलाचा चारा मोजा, भाकड म्हशीचा मोजा, आणि छेदात मांस लिहा. कायद्याने कापायला बंदी आहे, भागाकाराला नाही.

त्या दिवशी दुपारी पाणी चढलं. लाँचचा भोंगा झाला. दोस्त उठला, पँटची धूळ झटकली. मी त्याला माझ्या तापमानाच्या वहीतला एक कागद फाडून दिला होता. त्याच्या मागे त्याने विषय परत लिहिला, होता तसा. बैल आहे, कडबा आहे, मांस आहे. मी म्हटलं, ‘‘या वेळी गाईड नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. फक्त म्हण, सर, नाही म्हणताय ते लेखी द्या. कारणासकट.’’

त्याने कागद खिशात घातला. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की ते याच पानावर छापू.